डोहाळजेवणासाठी तिखट-गोड-आंबट फळांचे रुजाक मुंबईत कसे जमवावे?

माहीमची_थोरली

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे धाकट्या जावेचे डोहाळजेवण आहे. दीर नोकरीनिमित्त काही वर्षे जकार्ताला होते, त्यामुळे तिथल्या हातगाड्यांवर मिळणारे रुजाक तिला मनापासून आवडते आणि सध्या डोहाळेही नेमके त्याचेच लागले आहेत. ज्यांनी ते खाल्ले नसेल त्यांच्यासाठी सांगते: कच्च्या आणि अर्धवट पिकलेल्या फळांच्या फोडी आणि त्यांवर गूळ, चिंच, मिरची व शेंगदाणे यांची दाट चटणी, असा हा पदार्थ असतो. ओटी भरून झाल्यावर, पंगत बसण्याआधी सगळ्यांच्या हातात याची एकेक वाटी द्यावी असे मी ठरवले आहे. माणसे साधारण ४० असतील.

अडचण अशी की, फोडींना मीठ आणि गूळ लागले की पाणी सुटते आणि चटणी पातळ होऊन वाटीच्या तळाशी जाऊन बसते. घरच्या चार माणसांसाठी करताना फळ चिरले की लगेच संपते, म्हणून ते चालून जाते. पण एवढ्या माणसांसाठी हे कसे साधावे? दुसरे असे की, तिकडे या चटणीत कोलंबीपासून केलेला तेरासी नावाचा आंबवलेला लगदा भाजून घालतात. आमचा त्या दिवशीचा स्वयंपाक पूर्ण शाकाहारी असणार आहे, तेव्हा त्याची उणीव कशाने भरून काढता येईल? आणि तिकडची बेंगकुआंग, केदोंदोंग ही फळे मुंबईत शोधत बसावे, की त्यांच्या जागी आपलीच फळे घ्यावीत? ज्यांनी हा किंवा असा पदार्थ मोठ्या प्रमाणावर केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाटावरवंटा

ताई, तुम्ही निवडलेला पदार्थ या प्रसंगाला अगदी साजेसा आहे. जावा बेटावर गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात मितोनी किंवा तिंगकेबान नावाचा विधी होतो आणि त्यात रुजाक वाटण्याची रीतच आहे. अनेक घरांत ते सात प्रकारच्या फळांचे करतात, आणि त्याच्या चवीवरून मुलगा होणार की मुलगी याचा अंदाजही गमतीने बांधला जातो. आपण वाटीखाली बर्फी आणि पेढा झाकून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. तुमच्या जावेला हे ठाऊक असेल तर तिला त्याचा विशेष आनंद होईल.

आता पाण्याविषयी. मीठ आणि गूळ हे दोन्ही फळाच्या पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतात, आणि फोड जितकी लहान व फळ जितके पिकलेले, तितके हे लवकर घडते. ते थांबवणे कोणत्याही मसाल्याच्या हाती नाही, म्हणून उपाय वाढण्याच्या क्रमातच शोधावा लागतो. जावामधला विक्रेता गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावरच दगडी खलात मिरची, मीठ, भाजलेली तेरासी, माडाच्या रसाचा गडद गूळ आणि चिंच ठेचतो, शेवटी शेंगदाणे भरडतो आणि त्याच वेळी फळ चिरतो. चटणी फोडींवर ओततो किंवा बाजूला देतो, आणि खाणारा तिथेच उभा राहून खातो. तुम्हालाही हेच करायचे आहे. फक्त चटणी आदल्या दिवशी तयार असेल आणि फळ व चटणी यांची गाठ वाटीतच पडेल.

चटणी टिकाऊ आणि दाट हवी असेल तर ती शिजवून करावी. चिंच धुऊन, ती जेमतेम भिजेल एवढ्याच गरम पाण्यात अर्धा तास ठेवावी आणि घट्ट कोळ काढून गाळून घ्यावा. येथे पाणी जास्त झाले की पुढे ते आटवण्यासाठी गूळ फार वेळ उकळावा लागतो आणि मग त्याला करपट वास येतो. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात चिरलेला गूळ आणि कोळ एकत्र करून मंद आचेवर ठेवावा. चिंच आंबट असल्यामुळे कल्हई नसलेले पितळी किंवा तांब्याचे भांडे घेऊ नये. सुरुवातीला मिश्रण पातळ होते आणि त्यावर बारीक फेस येतो. मग फेस मोठ्या बुडबुड्यांचा होतो आणि चमच्याच्या पाठीवर जाड थर बसू लागतो. त्या थरावरून बोट फिरवल्यावर उमटलेली रेघ मिटली नाही, की लगेच गॅस बंद करावा. गार झाल्यावर चटणी आणखी घट्ट होते, म्हणून कढईतच मधासारखी दाट होईपर्यंत थांबलात तर दुसऱ्या दिवशी ती चमच्याने खणावी लागेल.

गूळ चिक्कीचा घेऊ नका, तो चिवट होतो. साधा, गडद रंगाचा, फारसा खारट नसलेला गूळ चांगला. गोव्याकडच्या वस्तू ठेवणाऱ्या दुकानात माडाचा काळा गूळ मिळाला तर निम्मा तो घ्यावा. जकार्ताच्या चवीच्या सर्वांत जवळ तोच नेतो, कारण तिकडचा गूळही माडाचाच असतो.

शेंगदाणे खरपूस भाजून, साले पाखडून, भरड कुटावेत आणि चटणी पूर्ण गार झाल्यावरच मिसळावेत. गरम चटणीत घातले तर ते मऊ पडतात, आणि या पदार्थात दाताखाली येणारा दाणा फार महत्त्वाचा आहे. त्याचे आणखी एक काम आहे: मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, त्यामुळे दाण्यातल्या तेलाने आणि गुळाच्या गोडीने तिखटपणाची धार बोथट होते.

तेरासीमुळे चटणीला एक खोल, किंचित उग्र चव येते. ती जशीच्या तशी शाकाहारात येणार नाही, पण पादेलोण आणि चांगले काळपट होईपर्यंत भाजलेले जिरे यांनी तिची जागा समाधानकारकपणे भरून निघते. पादेलोणाला जो गंधकाचा वास असतो तोच येथे उपयोगी पडतो. ज्या घरांत मासळी चालते त्यांनी नेहमीच्या दिवशी सुका जवळा तव्यावर कुरकुरीत भाजून त्याची पूड अर्धा चमचा घालून पाहावी.

दादर_मंडई

फळांविषयी मी लिहितो, कारण या पदार्थाची निम्मी चव बाजारातच ठरते असे माझे मत आहे.

केदोंदोंग हे आपल्या कोकणातल्या आंबाड्याच्याच कुळातले फळ आहे, परंतु आंबाडे पावसाळ्यात, गणपतीच्या सुमारास येतात. एप्रिलमध्ये त्यांचा शोध घेण्यात अर्थ नाही. त्यांचे काम कैरी उत्तम करते. कैरी मात्र तोतापुरीच घ्यावी. लोणच्याची राजापुरी आकाराने मोठी आणि फार आंबट असते, तर तोतापुरीचा गर घट्ट, कमी तंतूंचा आणि मध्यम आंबट असतो, आणि म्हणूनच चौपाटीवरचे व शाळांबाहेरचे विक्रेते तिखट-मीठ लावायला तीच निवडतात. टोकाकडे चोच असलेली, सालीवर बोट दाबल्यावर अजिबात न दबणारी, आणि चिरल्यावर आत पांढरट-पिवळी निघणारी फळे निवडावीत. आत केशरी छटा आली असेल तर ती गोडावर गेली आहे आणि फोडी लवकर मऊ पडतील. घरी आणल्यावर देठ कापून फळे काही वेळ पाण्यात ठेवावीत, म्हणजे चीक निघून जातो. तो ओठांना लागला तर चुरचुरतो.

बेंगकुआंग हा जमिनीखाली वाढणारा पांढरा, करकरीत, फिका-गोड कंद आहे. पूर्वेकडे बंगालमध्ये तो शंखालू या नावाने खातात, पण मुंबईत त्याच्यामागे धावू नये. त्याचे काम इतकेच असते की तिखट आणि आंबट घासांच्या मध्ये एक थंड, रसाळ घास मिळावा, आणि ते काम आपली कोवळी काकडी करते. काकडीच्या बिया मात्र काढून टाकाव्यात, कारण सर्वांत जास्त पाणी त्या भागातून सुटते.

जकार्ताच्या रुजाकातले जे फळ तुम्हाला येथे हुबेहूब मिळू शकेल ते म्हणजे जाम. पांढरे, घंटेच्या आकाराचे, आतून कापसासारखे हलके असे हे जाम उन्हाळ्यात मुंबईच्या बाजारात येतात. ते लगेच डागाळतात, म्हणून त्याच दिवशी सकाळी आणावेत आणि सर्वांत शेवटी चिरावेत. पेरू घट्ट, हिरवट असतानाच घ्यावा आणि मधला बियांचा गोळा काढावा. अननस आपल्याकडे बहुतेक केरळातून येतो. बुडाशी वास घेऊन, गोड वास येत असेल पण बूड मऊ नसेल असा घ्यावा. राय आवळे दिसले तर पावशेर आणून, किंचित ठेचून, प्रत्येक वाटीत दोनतीन टाकावेत. त्यांचा आंबटपणा कैरीपेक्षा वेगळा आणि अधिक तीक्ष्ण असतो.

पिकलेली पपई, चिकू, केळे आणि कलिंगड घालू नये. पहिली तिन्ही चटणीत विरघळतात आणि कलिंगड तर स्वतःच वाटीभर पाणी सोडते. पिकलेला हापूस काही जण घालतात. ज्या फळाला स्वतःचा एवढा सुगंध आहे ते मिरची-चिंचेत बुडवणे मला योग्य वाटत नाही. तो जेवणात आमरसासाठी राखून ठेवावा.

आहारविचार

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून उत्सवमूर्तीच्या दृष्टीने काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

कच्ची पपई रुजाकात अनेक ठिकाणी घालतात. तिच्या चिकामुळे गरोदरपणात ती टाळावी असा सल्ला दिला जातो, तेव्हा ती वगळावीच. अननसाबाबत घरोघरी भीती असते, पण नेहमीच्या आहारातल्या प्रमाणात तो अपायकारक ठरल्याचा पुरावा नाही. तरीही घरातील ज्येष्ठांना ते पटत नसेल तर समारंभाच्या दिवशी त्यावरून वाद नको, तिच्या वाटीत अननस न घालणे हा सोपा मार्ग आहे. अननसाने जिभेला जी चुणचुण होते ती त्यातल्या ब्रोमेलेन या प्रथिने तोडणाऱ्या विकरामुळे होते. मधल्या कठीण दांड्यात ते जास्त असते, म्हणून दांडा काढून टाकावा. फोडी हलक्या मिठाच्या पाण्यातून काढून निथळण्याची जुनी रीतही अवश्य पाळावी.

पाहुण्यांमध्ये कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यांना कमरख देऊ नये. चांदणीसारख्या चकत्या दिसायला सुंदर असल्या तरी त्यातील काही घटक अशा रुग्णांच्या शरीरातून बाहेर टाकले जात नाहीत आणि त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात. ४० माणसांत प्रत्येकाची प्रकृती आपल्याला ठाऊक नसते, म्हणून मी तर हे फळ यादीतून काढूनच टाकेन. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का हेही आधी विचारून घ्यावे आणि थोडी चटणी दाण्यांशिवाय वेगळी काढून ठेवावी.

सातव्या महिन्यात छातीत जळजळ होणे सामान्य असते, त्यामुळे तिची चटणी कमी तिखट असावी. गर्भारपणातला मधुमेह निघाला असेल तर गुळाचे प्रमाण तिच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्वच्छतेची आहे. फळे चिरण्याआधी, साल काढायची असली तरीही, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत, कारण सुरी सालीवरची घाण आतल्या गरापर्यंत नेते. चिरलेली फळे फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एक तासावर येते. मुंबईतली एप्रिलची दुपार या दुसऱ्या गटातच मोडते. बाजारातून चिरलेले अननस किंवा सोललेली फळे विकत आणण्याचा मोह या प्रसंगी कटाक्षाने टाळावा.

तिखटमीठ

वरील सर्व माहिती मोलाची आहे, परंतु मला एक वेगळे मत मांडायचे आहे. गूळ-चिंचेच्या दाट चटणीखाली प्रत्येक फळाची चव सारखीच लागू लागते, आणि ज्यांनी हा पदार्थ कधी खाल्ला नाही अशा पाहुण्यांना, विशेषतः वयस्कर मंडळींना, तो जड वाटण्याचा संभव आहे. मुंबईच्या माणसाची जीभ लहानपणापासून कैरीच्या फोडीवरच्या कोरड्या तिखट-मिठाला सरावलेली आहे. ते फळाला झाकत नाही, उलट मिठाने फळातला कडवट आणि तुरट अंश दबतो व गोडी पुढे येते. म्हणून चटणीच्या शेजारी कोरड्या मसाल्याचीही एक वाटी अवश्य ठेवावी.

आमच्याकडे तो असा करतात: चार भाग साधे मीठ कढईत कोरडे होईपर्यंत परतून घ्यायचे, त्यात दोन भाग ब्याडगी मिरचीचे तिखट, एक भाग पादेलोण आणि एक भाग भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळायची. ब्याडगीने रंग लालभडक येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. ज्यांना झणका हवा असेल त्यांनी तिच्यात थोडी लवंगी मिसळावी. गोडीसाठी पिठीसाखर घालायची असेल तर ती वाढण्याच्या वेळीच घालावी, नाहीतर आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत मसाल्याचा गोळा होतो. आमचूर मी घालत नाही, कारण आंबटपणा कैरीनेच आणावा.

माहीमची_थोरली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कमरख वगळते आहे आणि तिखटमीठ यांच्या सूचनेप्रमाणे कोरडा मसालाही ठेवते आहे. सासूबाईंना अननस नको आहे, तेव्हा तो वेगळ्या भांड्यात ठेवून फक्त पाहुण्यांना देईन. आता दोनच शंका उरल्या आहेत. समारंभ घरी नसून दादरच्या एका सभागृहात आहे, तिथे फ्रीज नाही आणि ओटी भरण्याचा कार्यक्रम किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी फळे कधी चिरावीत आणि कशी न्यावीत? आणि ४० वाट्यांसाठी प्रमाण किती धरावे?

पाटावरवंटा

प्रमाण आधी सांगते. हा पदार्थ जेवणाआधीचा असल्यामुळे माणशी १०० ते १२५ ग्रॅम फोडी आणि सुमारे २५ ग्रॅम चटणी पुरते. त्या हिशेबाने तोतापुरी कैरी २ किलो, मध्यम आकाराचे अननस २, काकडी दीड किलो, पेरू १ किलो आणि जाम अर्धा किलो आणावेत. अननसाचे साल, डोळे आणि दांडा जाऊन जवळपास निम्मेच फळ हाती लागते, हे धरूनच हा आकडा दिला आहे. चटणीसाठी गूळ ६०० ग्रॅम, चिंच १५० ग्रॅम, शेंगदाणे २०० ग्रॅम, मीठ २५ ग्रॅम, पादेलोण एक लहान चमचा, आणि भाजून पूड केलेल्या ८ ते १० सुक्या लवंगी मिरच्या घ्याव्यात. दाणे आणि मिरची घालण्यापूर्वी एक मोठी वाटी चटणी बाजूला काढावी. तुमच्या जावेची आणि दाणे न चालणाऱ्यांची सोय त्यातून होईल.

काकडी, कैरी आणि पेरू निघण्याच्या आधी घरी चिरावेत. फोडी बोटाएवढ्या लांब आणि जाडसर ठेवाव्यात, बारीक चौकोनी करू नयेत. चिरल्यावर त्यांना मीठ, लिंबू, साखर यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ सुती पंचावर पसरून त्या टिपून कोरड्या कराव्यात आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, तळाशी कोरडा पंचा घालून, फ्रीजमध्ये गार करत ठेवाव्यात. नेताना हे डबे बर्फ भरलेल्या मोठ्या थर्मास-पेटीत ठेवावेत. बर्फ डब्याच्या बाहेर राहावा, फोडींना लागू नये. डबे असे थंडगार राहिले तर आहारविचार यांनी सांगितलेली वेळेची मर्यादा फोडी पेटीतून बाहेर काढल्यावर सुरू होते, म्हणून ओटी भरणे लांबले तरी तुमची धावपळ होणार नाही. अननस घरी सोलून, मिठाच्या पाण्यातून काढून, स्वतंत्र डब्यात न्यावा. जाम मात्र अख्खेच धुऊन न्यावेत आणि सभागृहात चिरावेत.

वाढण्याचे काम दोघींवर सोपवा. शेवटच्या सुवासिनीने ओटी भरायला घेतली की एकीने वाट्यांमध्ये फोडी भराव्यात आणि दुसरीने प्रत्येक वाटीत चटणीचा एक डाव घालून लगेच ती फिरवायला द्यावी. चटणी फ्रीजमधून काढून तासभर आधी बाहेर ठेवली तर ती सैल होऊन सहज ओतता येते. तरीही घट्ट वाटली तर त्यात पाणी न घालता चमचाभर गरम केलेला चिंचेचा कोळ घालून ढवळावी. उरलेली चटणी काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावी आणि काही दिवसांत संपवावी. भेळेत ती चांगली लागते, फक्त त्या वेळी वरून आणखी मीठ घालू नये.

माहीमची_थोरली

थर्मास-पेटी शेजारच्या केटरिंगवाल्या काकांकडून मिळते आहे आणि माडाचा गूळ माझा भाऊ मडगावहून पाठवतो आहे. चटणी आदल्या रात्री करेन. सर्वांना पुन्हा एकदा धन्यवाद.